कंपाउंड

निकालपत्राच्या अकराव्या पानावर तो शब्द भेटला
आणि माझी बोटं थांबली.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर माळ्यावर मी,
समोर इंदूरचं जिल्हा कोर्ट, मधे एमजी रोडचे हॉर्न.
पानाला साठ रुपये, इंग्रजीचं मराठी.
पक्षकार जळगावचा, संध्याकाळच्या बसनं जाणार.

वाक्य एवढंच:
उशिरानं नुकसान कंपाउंड केलं.

वाढवलं, असं लिहू?
पण आपल्यात नारळ वाढवतात तेव्हा फोडतात,
बांगडी वाढवली म्हणजे पिचली,
आणि रात्री दुकान वाढवणारा
कुलूपच लावत असतो.
चिघळवलं म्हणावं तर जखम हवी.
भर घातली? ती तर ज्ञानातही घालतात,
सत्काराच्या भाषणात हमखास.
दुष्काळात तेरावा महिना, हे अगदी नेमकं,
पण न्यायमूर्तींच्या तोंडी शोभत नाही.

हा शब्द मला शाळेच्याही आधी येत होता.
रामबागेत डॉक्टर रिसबूडांच्या दवाखान्यात
बापू कंपाउंडर होते.
चौकोनी बाटलीला कागदाची पट्टी,
पट्टीला कात्रीनं पाडलेले दात,
एका दाताला एक डोस.
उरलेल्या पट्ट्यांचे मुकुट मी बाहुलीला घालायचे
दवाखान्याच्या कंपाउंडवर बसून, पाय लोंबकळत.
मग सातवीत चक्रवाढ व्याज आलं,
सरांनी फळ्यावर त्याचं इंग्रजी नाव लिहिलं
आणि मी भर वर्गात हसले:
आमचे बापू तर खोकल्याचं औषध देतात.

त्याच वर्षी
खातीपुऱ्यातल्या मांगीलाल शिंप्याच्या पोराला
दुसऱ्याच कुणाची बाटली गेली.
बापूंना ते कळलं दवाखाना वाढवताना, रात्री नऊला.
सायकलवर दहा मिनिटांचा रस्ता.
ते घरी आले.
ताकभात जेवले. दोनदा उठून पाणी प्यायले.
पहाटे गेले.

पोरगं वाचलं. चार दिवस एमवायला होतं.
चूक मिनिटाची, बापू म्हणायचे,
बाकी सगळी रात्र आहे.
म्हणायचे म्हणजे, एकदाच म्हणाले.
मलाच ते सारखं ऐकू येतं.

आता गंमत बघा, गंमत नव्हे,
कायद्यात हाच शब्द उलटा फिरतो.
गुन्हा कंपाउंड करणं म्हणजे मिटवणं,
दोन्ही पक्षांनी बसून, सही करून.
मांगीलालनं वहीचं पान फाडून दिलं होतं:
हमारी तरफ से खतम, कंपाउंडर साब.
ते पान बापूंनी पंचांगात ठेवलं.
पंचांग दरवर्षी बदलायचं, पान पुढच्यात जायचं.
आणि घरातला झाडून सगळा कपडा
खातीपुऱ्यात शिवायला जाऊ लागला.
माझे ब्लाउज काखेत कायम तंग.
आई म्हणायची, दुसरा शिंपी नाही का गावात?
मांगीलाल माप घ्यायला लागला
की बापू दोन्ही हात वर करून उभे राहत,
पोलिसानं धरल्यासारखे,
आणि तो म्हणायचा, नीचे करो साब, नीचे,
कमर तो हो गई.

खालून हाक आली: ताई, किती पानं झाली?
अकरा, म्हटलं. थोडं अडलंय.
बस किती वाजताची?
साडेसातची.

'विलंबाने नुकसान वाढवले', असं टाइप केलं.
कच्च्या प्रतीवर त्या शब्दाखाली
पेन्सिलनं एक टिंब दिलं, माझ्यापुरतं.
मग उरलेली पानं भराभर संपवली,
कागद खाली सोडले, पंखा बंद केला,
आणि दुकान वाढवलं.